भगवंतरावांची फुंक

रविवारी बंगळूरच्या कडेला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत सहसा कुणी येत नाही. आठवड्याचे सहा दिवस जिथं लोखंडावर लोखंड आदळत असतं, तिथं त्या दिवशी शटरं खाली असतात, चहाची टपरी बंद असते आणि कुत्री भर रस्त्यात पाय पसरून झोपलेली असतात. मार्चच्या अखेरीच्या अशाच एका रविवारी, सकाळी साडेनऊला, मोहनकुमार आपली लाल गाडी घेऊन ‘भगवंतराव अँड सन्स’च्या फाटकाशी येऊन उभा राहिला. काम अगदी साधं होतं. गाडीला नवा सायलेन्सर बसवायचा होता.

आता ‘अँड सन्स’ म्हणजे कोण, तर विद्याश्री. भगवंतरावांनी मोठ्या हौसेनं आधी बोर्ड रंगवून घेतला आणि मग मुलगी झाली. रंग वाया कशाला घालवायचा, म्हणून बोर्ड तसाच राहिला. तीच मुलगी आज एकेचाळीस वर्षांची होती, वर्कशॉप एकटीच्या हिमतीवर चालवत होती आणि बोर्ड बदलायचं तिच्याही मनात कधी आलं नव्हतं.

हे घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर बंगळुरात आलेलं. घोडे गेले, टांगे आले. टांगे गेले, मोटारी आल्या. घराण्याचा हात चाकावरून काही सुटला नाही. बाहेर सगळा व्यवहार कन्नडात, घरात मराठी, आणि तीही अशी की पुण्याच्या माणसानं ऐकली तर दोनदा विचारावं. पुण्या-मुंबईकडे आता बापाला ‘बा’ म्हणणारं घर शोधायला लागेल. यांच्याकडे मात्र तो शब्द तसाच जपून राहिलेला. विद्याश्री वडिलांना ‘बा’ म्हणायची. लहानपणी शाळेच्या फाटकातून ओरडायची, तशीच अजूनही ओरडायची. फरक एवढाच होता, की गेले अकरा महिने बा ओ देत नव्हते.

ते वर्कशॉपच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत बसलेले असायचे. चेहरा भिंतीकडे, हात मांडीवर. भरवलं तर खायचे, निजवलं तर निजायचे. बोलणं नाही, चालणं नाही, नजरेला नजर नाही.

हे झालं कसं, तेही सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. भगवंतरावांची काम करायची एक रीत होती. सायलेन्सर तयार झाला की शेवटचं टोक जोडायच्या आधी ते तोंड पुसायचे, गालातली लवंग एका बाजूला सारायचे आणि नळीला ओठ लावून शंखासारखी फुंक मारायचे. मग डोळे मिटून ऐकायचे. “पुढून इंजिन जन्मभर फुंकणार आहे,” ते म्हणायचे, “आधी एकदा माणसानं फुंकून बघावं.” त्या एका फुंकेवरून आतला कुठला पडदा जाड झालाय, कुठला सांधा चोरटा आहे, हे ते बिनचूक सांगायचे. होसूर रोडवरचे भले भले मेकॅनिक त्या कानाला वचकून असत.

मागच्या एप्रिलात त्यांनी सायलेन्सरची एक नळी केली. कुणाची ऑर्डर नव्हती. आठवडाभर एकटेच खपत होते. विचारलं तर म्हणायचे, “जमला तर हा आवाज ऐकून मी चितेवरनं उठून येईन बघ.” एका दुपारी नळी पुरी झाली. त्यांनी लवंग सारली, ओठ लावले, फुंक मारली. एरवी मारत त्यापेक्षा पुष्कळ लांब. मग नळी खाली ठेवली, स्टुलावर बसले आणि संपलं. पडले नाहीत की कण्हले नाहीत. दिवा लावलेला असावा आणि घरात कुणी नसावं, तसं झालं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत लहानशी गाठ अडकली होती. शब्द आत आहेत, वाट बंद झालीय. विद्याश्रीनं सगळं ऐकून घेतलं, गोळ्या वेळच्या वेळी दिल्या. पण तिनं त्या दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फुंक नळीत गेली होती आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आली नव्हती. दुसऱ्या टोकापाशी तिचाच हात होता ना! त्याच संध्याकाळी तिनं नळीच्या दोन्ही तोंडांना घट्ट रबरी टोप्या घातल्या, वरून गोणपाट गुंडाळलं आणि नळी माळ्यावर ठेवली. हे ती कुणालाच बोलली नाही. बोलली असती तर लोकांनी आधी तिलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

आत जे गेलंय ते फुंकून बाहेर काढता येईल, इतकं तिचं साधं गणित होतं. पण त्यासाठी तशी छाती असलेलं इंजिन हवं. नळी चांगली जाडजूड. वर्कशॉपला यायच्या त्या भाजी आणायच्या गाड्या आणि पोरांच्या मोटारसायकली. त्यांच्या फुंकेनं काय होणार? अकरा महिने ती वाट बघत राहिली. आणि त्या रविवारी फाटकात सहा सिलिंडरची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी लाल गाडी येऊन उभी राहिली.

मोहनकुमार इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, गाडीकडे बघताना लाजणारा. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं ही गाडी कोचीनच्या एका हौशी माणसाकडून घेतली होती. बोलणं कन्नडात चाललं होतं. आपल्या सोयीसाठी मराठीत सांगतो.

“मॅडम, ही बघा ना कशी बोलते,” तो म्हणाला. “एवढी देखणी, आणि आवाज शिवणाच्या मशीनचा. मला असा आवाज पाहिजे की रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं.” मग जरा घुटमळून म्हणाला, “पण पोलिसांनी वळू नये.”

“सरी, चालेल,” विद्याश्री हसली. “या, दाखवते.”

टेबलावर तीन सायलेन्सर मांडलेले होते. पहिला परदेशी, चकचकीत, खोक्यातून नुकताच काढलेला. मोहनकुमारचा हात आपसूक तिकडे गेला. “दिसायला नवरदेव आहे,” ती म्हणाली, “पण एका ठरावीक वेगाला गाडीभर घुमतो. एक्स्प्रेसवेवर अर्धा तास बसलात तर दाढा दुखतील.” दुसरा म्हणजे नुसती सरळ नळी, आत पडदा नाही, काही नाही. “हा कॉलेजच्या पोरांना आवडतो. पोलिसांनाही आवडतो. जप्त करतात आणि रोडरोलरखाली घालतात.” तिसरा तिनं स्वतः केलेला होता. दोन पडदे, आत काचतंतूंची भरण, सांधे एकसारखे. मोहनकुमारनं तो उचलला, फिरवून बघितला, आणि त्याचा चेहरा खुलला. तिथं ती ‘हाच घ्या’ म्हणाली असती तर ही गोष्ट झालीच नसती.

“चौथा आहे,” ती म्हणाली.

वेल्डिंगच्या यंत्रापाशी बसलेल्या पद्मनाभानं मान वर केली. साठीचा हा माणूस भगवंतरावांच्या हाताखाली, त्यांना ‘यजमान’ म्हणत, तीस वर्षं राबलेला. रविवारी खास या कामासाठी आलेला.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “तो नको.”

“का नको, पद्मनाभण्णा?”

“यजमानांनी तो कुणासाठी केला, ते कुणाला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि शिडी चढली.

गोणपाट सोडलं. पत्र्याच्या माळ्यावर, मार्चच्या उन्हात तापलेल्या छपराखाली वर्षभर पडलेली ती नळी हाताला गार लागली. माठ हाताला लागतो, तशी गार. तिनं एका टोकाची टोपी काढली आणि तिथंच शिडीवर थबकली. लवंगेचा वास आला. ताजा, बांच्या तोंडाचा. अकरा महिन्यांत बांच्या तोंडाला औषधांचाच वास येत होता. हा खरा वास ती विसरत चालली होती. तिला एकदम रडूच फुटलं. लवंगेच्या पाठीमागून आणखी एक वास येत होता. बरीच वर्षं न उघडलेल्या पाण्याच्या टाकीसारखा. पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. माणूस आपल्याला हवा तोच वास घेतो.

“हा माझ्या वडिलांनी केलेला शेवटचा,” तिनं मोहनकुमारला प्रामाणिकपणे सांगितलं. “कधी कुठल्या गाडीला लावलेला नाही. आज लावून बघू. नाही आवडला तर माझा बसवून देते.”

मोहनकुमारनं बोटाच्या पेरानं नळीवर टकटक केली. धातू वाजतो तसं काही वाजलं नाही. त्यानं कान जवळ नेला. थोडा वेळ गेला. मग नळीच्या आतून, खूप लांबून यावी तशी, टकटक परत आली.

“अरे वा!” तो खूश झाला. “काय घुमारा आहे! मॅडम, हाच.”

पद्मनाभानं छातीला हात लावला आणि वेल्डिंगची तार उचलली.

काम सुरू झालं. गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरीची तार काढून ठेवली. जुन्या सायलेन्सरचे बोल्ट पहिल्याच वळणाला सुटले. सायलेन्सर टांगून धरणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्यानं सरकवून काढले आणि जुनं धूड दोघांनी मिळून खाली उतरवलं. मग विद्याश्रीनं दुसऱ्या टोकाचीही टोपी काढून बांची नळी खांद्यावर घेतली. नवी नळी कुठल्याही गाडीला लावताना तासभर झोंबाझोंबी ठरलेली असते. इथं बोटभर कमी, तिथं दोन बोटं जास्त. कापा, वाकवा, पुन्हा जोडा. या कामात ‘जसंच्या तसं बसलं’ असं म्हणणारा माणूस एकतर नवखा असतो नाहीतर थापाड्या.

नळी जशीच्या तशी बसली.

तीन भोकांसमोर तीन भोकं आली. मागच्या आसाला वळसा घालणारा बाक त्याच जागी, तेवढाच. हँगरच्या कड्या रबरात आपल्या पायांनी गेल्यासारख्या गेल्या. भगवंतरावांनी ही गाडी जन्मात पाहिली नव्हती. ती बंगळुरात यायच्या नऊ महिने आधी त्यांची वाचा गेली होती.

“अक्का…” पद्मनाभ म्हणाला.

“बांचा हात आहे तो,” विद्याश्री म्हणाली. भीती तर सोडाच, तिला अभिमानानं काय करू नि काय नको असं झालं होतं. “टाके मार पद्मनाभण्णा, सुरू कर.”

मागचं टोक जोडायचं राहिलं होतं. पद्मनाभानं काच डोळ्यांवर ओढली, निळा उजेड फडफडला आणि वर्कशॉपभर जळल्या धातूचा वास भरला. एक सांधा, दोन, तीन, चार. तिसऱ्यापाशी त्यानं मान मागं वळवली. तीस वर्षांत काम अर्धवट असताना त्यानं मान वळवलेली तिनं पाहिली नव्हती. काम झाल्यावर गाडी खाली घेतली. बॅटरी जोडली. विद्याश्रीनं बांची खुर्ची भिंतीपासून वळवली आणि गाडीच्या मागं दहा पावलांवर आणून ठेवली. त्यांचा शर्ट नीट केला. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “बा, बघा हं.”

त्यांनी काही बघितलं नाही.

बारा वाजून गेले होते. बाहेर पांढरं ऊन. कुठं पानसुद्धा हलत नव्हतं.

“चालू करा,” ती म्हणाली.

मोहनकुमारनं बटण दाबलं. पुढं बॉनेटच्या आत इंजिन जागं झालेलं दिसलं, अंग थरथरलं, काटा चढला. मागं मात्र आवाज नाही. काहीच नाही. मोहनकुमारनं काचेतून डोकं बाहेर काढलं. “बंद पडली का?”

“नाही. चालू आहे,” विद्याश्री म्हणाली. तिनं सवयीप्रमाणे नळीच्या तोंडासमोर तळहात धरला. फिटर धरतात तसा. वारा एकसारखा येतोय का ते कळतं. आणि तिच्या लक्षात आलं की वारा येत नव्हता.

वारा आत जात होता.

जमिनीवर पडलेला तेलकट फडका सरपटत आला आणि नळीच्या तोंडाला चिकटला. तिच्या बांगड्या मनगटावरून पुढं ओढल्या जाऊ लागल्या. इंजिन चालू असताना नळी श्वास आत घेत होती. लांब, संथ, न संपणारा…

“अक्का, बंद करा,” पद्मनाभ कुजबुजला. “बंद करा… हे बरं नाही.”

“कुणी हात लावायचा नाही,” विद्याश्री म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मोहनकुमारचा बटणाकडे गेलेला हात तिथंच थांबला. “एवढी लांब फुंक मारायची तर आधी श्वास घ्यायला नको? द्या. थोडा रेस द्या.”

“मॅडम, पण…”

“द्या!”

त्यानं पाय दाबला.

फडका उडून थेट बांच्या पायाशी पडला. नळीतून गरम झोत बाहेर आला आणि सगळं वर्कशॉप लवंगेच्या वासानं भरून गेलं, कुणी पोतंभर लवंग कढईत भाजावी तसं. आणि त्या वासाच्या पाठोपाठ आवाज आला. खोल, गोल, छातीत बसणारा.

“बा…”

मग पुन्हा.

“बा… बा… बा…”

मोहनकुमारचं तोंड उघडंच राहिलं. इंजिन मंद चालत होतं आणि प्रत्येक फुंकेबरोबर नळी तो एकच शब्द म्हणत होती. विद्याश्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आनंदाचा. तिनं तो आवाज ओळखला. शाळेच्या फाटकात उभी राहून, दप्तर पाठीवर टाकून, रस्त्यापलीकडच्या बांना ती अशीच हाक मारायची. तिची स्वतःचीच हाक ती. कुणीतरी खाली, खूप खाली उतरून तिची हाक पोचवत होतं.

तिनं वळून पाहिलं तेव्हा पद्मनाभ आपल्या जागेवर नव्हता. तो चार पावलं पुढं आला होता आणि स्वतःच्या पायांकडे आश्चर्यानं बघत होता. फाटकाबाहेर कुत्री जमली होती. भुंकत नव्हती. दोन्ही बाजूंना रांग धरून बसली होती, मधली वाट मोकळी सोडून. आणि त्यांची तोंडं गाडीकडे नव्हती, ओस पडलेल्या रस्त्याकडे होती.

पण विद्याश्रीला कुत्र्यांकडे बघायला वेळ कुठं होता? बांचं बोट हललं होतं.

आधी एक बोट. मग मूठ. मग खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात. मान सावकाश वळली, गेल्या अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आवाजाच्या दिशेनं. डोळ्यांत कुणीतरी येऊन बसल्यासारखी नजर आली. आणि भगवंतराव उठले. पद्मनाभ धरायला धावला, त्यांनी त्याला हातानंच बाजूला सारलं. एक पाऊल. दुसरं. दहा पावलांना किती वेळ लागला कोण जाणे. गाडीपाशी पोचून त्यांनी तळहात नळीवर टेकला, डोळे मिटले, मान तिरकी केली. ती जुनी, सगळ्यांना माहीत असलेली तिरकी मान.

विद्याश्री गाडीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“तिसऱ्या सांध्यात गळतंय,” भगवंतराव म्हणाले.

अकरा महिन्यांनी बोललेले हे पहिले शब्द! मोठ्या घराण्यातली माणसं शुद्धीवर आल्यावर देवाचं नाव घेतात म्हणे. पद्मनाभ तसाच सरपटत गाडीखाली शिरला, बोट फिरवलं आणि आतूनच ओरडला, “गळतंय! यजमान, खरंच गळतंय! तिसरा!” आणि मग तो साठ वर्षांचा माणूस गाडीखाली आडवा पडूनच हुंदके द्यायला लागला.

विद्याश्री बांच्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती, त्यांच्या पाठीवर गुद्दे मारत होती. “अकरा महिने, बा! अकरा महिने! आणि आल्या आल्या चुका काढता?”

“मग काय, स्वल्पही गळू देऊ नये,” बा म्हणाले. आवाज गंजलेला होता, पण त्यांचाच होता.

पुढचे दोन तास जत्रेसारखे गेले. तिसरा सांधा पुन्हा मारला, तोही भगवंतरावांनी जवळ उभं राहून, शिव्या देत. विद्याश्रीनं आवाज मोजायचं मीटर लावलं. काटा हद्दीच्या दोन घरं आत राहिला, आणि मोहनकुमारनं असा जयघोष केला की जणू त्यानंच नळी बनवली होती. मग तो हट्टाला पेटला, “सर, पहिली चक्कर तुमच्याबरोबर.” बा त्या खोल सीटमध्ये उतरले, गुडघे नाकाशी आले. गाडी फाटकातून बाहेर पडली. कुत्री शांतपणे बाजूला सरकली.

रिकाम्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावरून गाडी गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. “बा… बा…” बंद शटरांवर आपटून आवाज गल्लीगल्लीत शिरत होता. विद्याश्री फाटकाबाहेर उभी राहून दोन्ही हात हलवत होती आणि एकदा तर लहान पोरीसारखी गाडीच्या मागं धावली. काचेतून बाहेर आलेला बांचा हात वाऱ्यावर ताल धरत होता. डॉक्टरांनी सोडून दिलेलं माणूस तिनं एका नळीच्या जोरावर ओढून आणलं होतं. एवढं मोठं तिनं आयुष्यात काही जिंकलं नव्हतं.

अडीचला मोहनकुमार निघाला. “मॅडम, मी सरळ घरी नाही जाणार,” तो खिडकीतून म्हणाला. “एक्स्प्रेसवेवरून जाईन, मग के. आर. पुरमला मित्राकडे, मग सगळं शहर फिरेन. सगळ्यांना ऐकवणार!” होसूर रोडच्या दिशेनं ती हाक लांब लांब जात राहिली, आणि मग ऐकू येईनाशी झाली. पद्मनाभही गेला. जाताना त्यानं बांच्या पायांना हात लावला, पण वर तोंडाकडे बघितलं नाही.

विद्याश्रीनं मागच्या खोलीत भात टाकला, वर ओतायला पातळ सारू केलं. चार वाजता बापलेक जेवायला बसले. बा आपल्या हातानं जेवत होते. ती घासाघासाला त्यांच्याकडे बघत होती. तिला भूकच नव्हती. शेवटी तिनं विचारलं. अकरा महिने जे विचारायचं राहिलं होतं, ते.

“बा, तुम्ही कुठं होता हो?”

“तिथंच,” बा म्हणाले. “लांबट जागा आहे. गार. पुढचं टोक दिसत नाही.”

“माझी हाक ऐकू आली?”

“आली की. तू ‘बा’ म्हणालीस. मला वाटलं, आता उठलं पाहिजे.” त्यांनी भात कालवला. “तिथं सगळे उठले.”

विद्याश्रीचा हात ताटातच राहिला. “सगळे… म्हणजे?”

“मी त्यांना सांगितलं, अरे, माझी लेक मला हाक मारतेय. तुमचं काय काम? पण ती कन्नड माणसं. आपलं मराठी त्यांना कुठलं कळायला?” बा जरा हसले, लहान मुलाची चूक सांगताना मोठी माणसं हसतात तसे. “त्यांच्यात ‘बा’ म्हणजे ‘ये’.”

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. कन्नडात जन्मलेल्या, कन्नडात शिकलेल्या, दिवसातून शंभर वेळा टपरीवरच्या पोराला ‘बा’ म्हणून बोलावणाऱ्या विद्याश्रीला ती साधी गोष्ट सकाळपासून एकदाही सुचली नव्हती. ती आता एक्स्प्रेसवेवरून धावणाऱ्या लाल गाडीचा विचार करत होती. मोहनकुमारला फोन लावायला पाहिजे… नळी काढायला सांगायला पाहिजे. पण नळी काढली तर? तिनं समोर पाहिलं. बा जेवत होते. हाताला शितं लागलेली, गालाला लवंगेचा फुगवटा. तिनं फोनकडे नेलेला हात मागं घेतला.

“मी लवकर आलो,” बा म्हणाले. “मला घर माहीत होतं. ते विचारत विचारत येतायत. चालायची सवय मोडलीय त्यांची, बराच वेळ लागेल.” मग रिकाम्या पातेल्यात वाकून बघत ते म्हणाले, “आणखी भात टाक.”

विद्याश्री उठली. डबा उघडून तिनं एक माप तांदूळ सुपात घेतले आणि वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं दुसरं माप घातलं. तिसरं घातलं. चौथं माप सुपाबाहेर गेलं आणि निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले.

“अजून,” बा म्हणाले.